ही गोळी कुणावर तपासलीय? डिप्रेशनच्या ट्रायलमध्ये पेशंट कुठल्या दाराने येतात त्याबद्दल

माझी आत्या ६८ वर्षांची आहे, सोलापूरला असते, शुगर आहे, थायरॉईडची गोळी कितीतरी वर्षं चालू आहे. गेल्या पावसाळ्यापासून तिचं खाणं कमी झालं, झोप उडाली, बोलणं तर जवळजवळ बंदच. ती स्वतः डिप्रेशन वगैरे काही म्हणत नव्हती, "करमत नाही गं" एवढंच म्हणायची. शेवटी डॉक्टरांनी एसिटॅलोप्रॅम ही डिप्रेशनची गोळी सुरू केली आणि त्याच रात्री तिचा मला फोन आला. "अगं, तू त्या औषधांच्या ट्रायलच्या ऑफिसात आहेस ना, मग मला सांग, ही गोळी माझ्यासारख्या म्हातारीवर तपासून बघितलीय का कुणी?"

मी पुण्यात ट्रायलच्या डेटावर काम करते. पेशंटची नावं आम्हाला दिसत नाहीत, नुसते नंबर, भेटीच्या तारखा आणि स्कोअर दिसतात. पण एवढी वर्षं हेच बघत असूनसुद्धा मला पटकन "हो" म्हणता आलं नाही, कारण तिचा प्रश्न अगदी मुद्द्याचा होता, आणि त्याचं उत्तर औषधापेक्षा पेशंट कसे गोळा केले यावर जास्त अवलंबून असतं. तेच इथे सविस्तर लिहितेय.

आधी थोडक्यात, ट्रायल म्हणजे काय. पेशंट घ्यायचे, चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गटात वाटायचे, एका गटाला खरी गोळी, दुसऱ्याला दिसायला तशीच पण आत औषध नसलेली गोळी म्हणजे प्लासिबो, आणि कुणाला काय मिळालं हे ना पेशंटला माहीत ना डॉक्टरला. सहा-आठ आठवड्यांनी दोन्ही गटांची तुलना. हा चिठ्ठ्यांचा भाग खरंच काटेकोर असतो, त्यावर माझा विश्वास आहे. पण चिठ्ठ्या टाकायची वेळ येते तोपर्यंत एक मोठी निवड आधीच होऊन गेलेली असते, ती म्हणजे त्या खोलीपर्यंत पोचलं कोण. त्या निवडीत चिठ्ठ्या नसतात. तिथे जाहिरात असते, पैसा असतो, फॉर्मवरच्या अटी असतात, आणि माणसाचा त्या आठवड्यातला मूड पण असतो.

सुरुवातीच्या काळात हा प्रश्न एवढा टोकदार नव्हता. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलची एक गाजलेली ट्रायल १९६५ साली प्रसिद्ध झाली, त्यात इमिप्रामिन आणि फेनेल्झिन ही दोन औषधं, शॉक ट्रीटमेंट आणि प्लासिबो अशी चौघांची तुलना होती आणि पेशंट सगळे हॉस्पिटलात ॲडमिट असलेले. ज्याला घरच्यांनी आणून ॲडमिट केलंय, जो जेवत नाही, उठत नाही, तो आजारी आहे की नाही असा वाद कोण घालणार. पुढे आजाराची व्याख्या रुंद झाली, औषधं सोपी झाली, १९८७ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत प्रोझॅक या डिप्रेशनच्या गोळीला मंजुरी मिळाली, आणि ट्रायलचे पेशंट वॉर्डातून ओपीडीत आले. मग ओपीडीतलेही कमी पडायला लागले तशी जाहिरात वाढली. पेपर, रेडिओ, टीव्ही, आता फोनवर. जाहिरात बघून स्वतःहून येणाऱ्या अशा लोकांना तिकडे १९७० च्या दशकातच वेगळं नाव पडलं होतं, लक्षणं असलेले स्वयंसेवक. म्हणजे हे लोक जरा वेगळे असू शकतात ही शंका तेव्हापासूनची आहे.

आता अमेरिकेतल्या अशा एका केंद्रावर काय होतं ते डोळ्यासमोर आणा. जाहिरात साधारण अशी की दोन आठवड्यांपेक्षा जास्त उदास वाटतंय का, झोप लागत नाही का, मग आम्हाला फोन करा, तपासणीला पैसे पडणार नाहीत, येण्याजाण्याचा आणि वेळेचा मोबदला मिळेल. (तिथल्या एफडीएचं, म्हणजे औषधांना मंजुरी देणाऱ्या सरकारी खात्याचं, म्हणणं आहे की मोबदल्याचा आकडा जाहिरातीत मोठ्या किंवा ठळक अक्षरात छापू नये, यावरूनच समजा की त्या आकड्याची ओढ किती असते.) हे ऐकून फोन कोण करतं? ज्याला आपल्याला डिप्रेशन आहे हा शब्द सुचतो तो. ज्याच्याकडे दुपारी दोन तास मोकळे आहेत तो. ज्याच्याकडे इन्शुरन्स नाही आणि डॉक्टर परवडत नाही तोही, आणि त्याच्याबद्दल मला जराही राग नाही, उपचार मिळावा म्हणून माणूस दिसेल ते दार ठोठावणारच. पण जो अंथरुणातून उठतच नाही, ज्याला फोन उचलायचीसुद्धा ताकद नाही, तो या दाराने येत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे माणूस फोन कधी करतो. आपण तापासाठी डॉक्टरकडे कधी धावतो, तर ताप सगळ्यात जास्त चढलेला असतो तेव्हा, आणि बऱ्याचदा तो सकाळपर्यंत तसाही थोडा उतरणारच असतो. डिप्रेशन पण असंच चढतं-उतरतं, निदान हलक्या आणि मध्यम आजारात तरी. सगळ्यात वाईट आठवड्यात माणूस जाहिरातीला फोन करतो आणि पुढच्या दोन-तीन आठवड्यांत त्याला काही न देता पण थोडं बरं वाटायला लागतं. हे बरं वाटणं प्लासिबोच्या खात्यात जमा होतं आणि औषधाच्या खात्यात पण.

तिसरी गोष्ट, आणि माझ्या मते सगळ्यात कमी बोलली जाणारी, ती म्हणजे स्कोअर. डिप्रेशन मोजायला रक्ताची तपासणी नाही. मॅक्स हॅमिल्टन या डॉक्टरांनी १९६० साली एक प्रश्नावली प्रसिद्ध केली, तिचंच १७ प्रश्नांचं रूप आजही चालतं, जास्तीत जास्त मार्क ५२. गंमत म्हणजे हॅमिल्टननी ती बनवली होती ती ज्याला डिप्रेशन आहे हे आधीच ठरलंय त्याचा आजार किती आहे हे मोजायला, कुणाला आत घ्यायचं ते ठरवायला नाही. त्यात एकट्या झोपेवर तीन प्रश्न आहेत, झोप लागायला वेळ, मध्येच जाग, पहाटे लवकर जाग, मिळून ६ मार्क. आता समजा ट्रायलची अट आहे की स्कोअर निदान २० पाहिजे. समोर बसलेल्या माणसाचा होतोय १८. केंद्राला दर पेशंटमागे पैसे मिळणार आहेत, मुदत जवळ आलीय, दुसरी केंद्रं भराभर पेशंट भरतायत, आणि समोरचा माणूस पण कळवळून सांगतोय की मला घ्या. अशा वेळी "कामात मन लागत नाही" याला १ द्यायचा की २ हे प्रश्न विचारणाऱ्याच्या हातात असतं. मी याला फसवणूक म्हणणार नाही, बहुतेक वेळा ती माया असते. पण आकडेवारीत ते दिसतं, प्रवेशाच्या दिवशीचे स्कोअर अटीच्या रेषेला चिकटून जरा वरच्या बाजूला गर्दी करतात, आणि एकदा माणूस आत आला की पुढच्या भेटीत तेच मार्क वाढवायचं काही कारण उरत नाही, त्यामुळे स्कोअर आपोआप खाली येतो. कागदावर सुधारणा. ती पण दोन्ही गटात सारखीच.

याचा परिणाम काय होतो ते एका काल्पनिक हिशोबाने सांगते. समजा एक औषध खऱ्या पेशंटमध्ये प्लासिबोपेक्षा सरासरी ४ मार्क जास्त उतरवतं. आणि समजा १०० जणांतले ३० असे आहेत की ते तितके आजारी नव्हतेच, कुणी वाईट आठवड्यात आला, कुणाचे दोन मार्क वर गेले. या ३० जणांत औषधाला करण्यासारखं फार काही नाही, तिथला फरक शून्य धरा. मग शंभर जणांची सरासरी ४ वरून २.८ वर येते. औषध तेच, गोळी तीच, बदलली ती आत आलेली माणसं.

प्लासिबोचं हे वाढणं मोजलेलं पण आहे. कोलंबिया विद्यापीठाच्या टिमोथी वॉल्श आणि सहकाऱ्यांनी २००२ साली १९८१ ते २००० मधल्या ७५ ट्रायल एकत्र केल्या, त्यात प्लासिबोवर सरासरी ३० टक्के लोकांना चांगला गुण आला होता आणि औषधावर ५० टक्के, आणि प्लासिबोचा आकडा दर दशकाला साधारण ७ टक्क्यांनी वाढत चालला होता. आता याचं सगळं खापर जाहिरातीवर फोडता येणार नाही. ट्रायलचा काळ, दर आठवड्याला आपुलकीने विचारपूस करणारी माणसं, लोकांची औषधावरची वाढलेली श्रद्धा, सगळंच त्यात आहे. जाहिरातीने आलेले आणि डॉक्टरांनी पाठवलेले अशा पेशंटची समोरासमोर तुलना करणारे अभ्यास पण एका सुरात बोलत नाहीत. मला वाटतं दाराचा परिणाम तिथेच संपत नाही, त्या दाराशी पैसा आणि घाई किती आहे हेही बघावं लागतं.

आणि काही लोक असे असतात की ते एका ट्रायलमधून दुसऱ्या ट्रायलमध्ये जात राहतात. एरिक डिव्हाइन आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली अशा १०० अनुभवी लोकांना विचारलं, हे सगळे वर्षभरात दोन किंवा जास्त अभ्यासांत भाग घेतलेले होते. त्यातल्या तीन-चतुर्थांश लोकांनी सांगितलं की आपल्याला बाद करू नये म्हणून आम्ही कधी ना कधी काहीतरी लपवलंय, एक-चतुर्थांशांनी लक्षणं वाढवून सांगितली होती, आणि १४ टक्क्यांनी तर नसलेला आजार आहे म्हणून सांगितला होता. हे सगळ्या प्रकारच्या अभ्यासांबद्दल होतं, फक्त डिप्रेशनच्या नाही. पण ज्या आजारात तपासणी म्हणजे फक्त माणसाचं बोलणं, तिथे हे जास्तच लागतं हे वेगळं सांगायला नको.

इथपर्यंत झालं दारातून कोण आत येतं. आता आत आल्यावर कोणाला परत पाठवतात ते बघा, कारण माझी आत्या तिथेच अडकली असती.

अमेरिकेत ऱ्होड आयलंडमध्ये मार्क झिमरमन नावाचे सायकिएट्रिस्ट आहेत. त्यांनी आपल्याच ओपीडीतले डिप्रेशनचे ३४६ पेशंट घेतले आणि एक साधा प्रश्न विचारला, हे लोक एखाद्या नेहमीच्या औषधाच्या ट्रायलला गेले असते तर किती जणांना घेतलं असतं? साधारण सहावा हिस्सा बायपोलर (मूड दोन्ही टोकांना जाणारा आजार) किंवा भास-भ्रम असलेला म्हणून आधीच गेला. राहिले २९३. त्यातून सोबत चिंतेचा आजार किंवा व्यसन आहे, आजार पुरेसा तीव्र नाही, आत्महत्येचे विचार येतात, अशा नेहमीच्या अटी लावल्या तर २५२ बाद, म्हणजे ८६ टक्के. उरले ४१. हा अभ्यास २००२ सालचा. रोज ज्यांना आपण ती गोळी लिहून देतो त्यांच्यातले बहुतेक लोक, ती गोळी सिद्ध करणाऱ्या खोलीत बसूच शकले नसते.

अटींना कारणं आहेत, ती मी नाकारत नाही. आत्महत्येचे विचार असलेल्या माणसाला दोन महिने प्लासिबोवर कसं ठेवणार, कुणाची छाती होईल. दारू पिणारा बरा झाला तर तो औषधाने की दारू सुटल्याने हे कळत नाही. पण परिणाम असा होतो की ज्यांना धोका सगळ्यात जास्त त्यांच्याबद्दल आपल्याकडे माहिती सगळ्यात कमी.

मग खऱ्या पेशंटवर बघायचं ठरवलं तर काय दिसतं? अमेरिकेच्या सरकारी पैशातून झालेला स्टार-डी हा अभ्यास त्यासाठीच होता. ४,०४१ लोक, ४१ दवाखाने, त्यातले १८ साध्या फॅमिली डॉक्टरांकडचे, आणि नियम असा की जाहिरात देऊन कुणाला आणायचं नाही, जो स्वतः उपचारासाठी दवाखान्यात आलाय त्यालाच विचारायचं. वय १८ ते ७५. शुगर, बीपी, चिंता, सगळं चालेल. पहिल्या टप्प्यात सगळ्यांना सिटॅलोप्रॅम ही डिप्रेशनची गोळी. हॅमिल्टनच्या स्कोअरवर जवळपास २८ टक्के लोक पूर्ण बरे या व्याख्येत बसले. पुढे २००९ साली याच लोकांवर झिमरमनसारखाच प्रयोग केला, नेहमीच्या कडक ट्रायलच्या अटीत यातले किती बसतात? २२ टक्के. आणि त्या २२ टक्क्यांमध्ये पूर्ण बरे होणारे ३४.४ टक्के, बाकीच्यांमध्ये २४.७ टक्के. औषध एकच, डोस द्यायची पद्धत एकच, तरी दहा टक्क्यांचा फरक फक्त माणसं कोण यावर.

इथे जरा थांबून बघा, कारण मला स्वतःला हे नीट कळायला वेळ लागला होता. दोन गोष्टी उलट्या दिशेला ओढतायत. कडक अटींमुळे सोप्या केसेस आत येतात आणि औषधाचा गुण दवाखान्यात येतो त्यापेक्षा चांगला दिसतो. आणि जाहिरात, घाई, वाढवलेले मार्क यामुळे प्लासिबो पण छान चालल्यासारखा दिसतो आणि औषधाचा खरा फरक दबून जातो. म्हणजे एकाच ट्रायलमध्ये औषध एका अर्थाने फुगवलेलं असू शकतं आणि दुसऱ्या अर्थाने दाबलेलं. २००८ साली अर्व्हिंग कर्श आणि सहकाऱ्यांनी एफडीएकडच्या ३५ ट्रायल एकत्र करून सांगितलं की औषध आणि प्लासिबोत हॅमिल्टनवर सरासरी १.८ मार्कांचाच फरक आहे, त्यावरून "गोळ्या म्हणजे थोतांड" अशा बातम्या झाल्या. तो आकडा खोटा नाही, पण तो त्या ट्रायलमध्ये त्या दारांनी आलेल्या माणसांचा आकडा आहे. तो बघून कुणी आपली चालू गोळी एकदम बंद करू नये असं मला मनापासून वाटतं, आणि उलट बाजूने "ट्रायलमध्ये सिद्ध झालंय" एवढ्यावर कुणाला गप्पही करू नये.

आपल्या जवळचं उदाहरण गोव्याचं आहे आणि ते मला फार आवडतं. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी तिथल्या दोन जिल्हा रुग्णालयांच्या साध्या ओपीडीत ४५० लोकांवर ट्रायल केली, ती २००३ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आली. फ्लुओक्सेटिन (म्हणजे प्रोझॅकमधलंच औषध), प्लासिबो आणि समुपदेशन असे तीन गट. पण मुद्दा असा की जाहिरात नाही आणि सायकिएट्रीचा विभाग पण नाही. आपल्याकडे माणूस डोकं दुखतं, अंग दुखतं, थकवा येतो म्हणून सरकारी दवाखान्याच्या रांगेत येतो, त्या रांगेतल्या लोकांना प्रश्न विचारून त्यांनी डिप्रेशन आणि चिंतेचे पेशंट शोधले. चिंता आहे म्हणून कुणाला बाद केलं नाही, उलट दोन्ही एकत्रच धरलं. यातल्या कितीजणांनी "डिप्रेशन आहे का?" अशी जाहिरात वाचून फोन केला असता? माझ्या आत्याने तरी केला नसता. तिचा शब्द "करमत नाही" हा आहे, आणि तो कुठल्याच जाहिरातीत नसतो. दोन महिन्यांनी औषध प्लासिबोपेक्षा सरस ठरलं, समुपदेशन मात्र त्या वेळी ठरलं नाही.

भारतात एकूणच जाहिरातीचं दार लहान आहे, पेशंट बहुतेक डॉक्टरांच्या स्वतःच्या ओपीडीतूनच घेतले जातात. त्याचे प्रश्न वेगळे. ज्या डॉक्टरांनी आपल्याला बरं केलं तेच ट्रायलबद्दल विचारतात तेव्हा आपल्या माणसाच्या तोंडून "नाही" निघत नाही, "तुम्ही म्हणाल तसं" निघतं. आणि दर पंधरा दिवसांनी शहरात यायला एसटीचं भाडं, एक दिवसाची मजुरी आणि सोबत यायला घरचं कुणीतरी लागतं. हे ज्याच्याकडे नाही तो मधूनच गळतो, आणि गळलेले लोक बऱ्याचदा जास्त आजारी किंवा जास्त अडचणीत असलेले असतात.

अलीकडची मला सगळ्यात प्रामाणिक वाटलेली रचना ब्रिटनच्या पांडा ट्रायलची, २०१९ मधली. चार शहरं, १७९ फॅमिली डॉक्टरांचे दवाखाने, ६५५ पेशंट, वय १८ ते ७४, औषध सर्ट्रालीन. स्कोअरची रेषा आखायच्या ऐवजी त्यांनी विचारलं की या पेशंटला गोळी द्यावी की नाही याबद्दल खरोखर शंका आहे का? असेल तर या. रेषाच नाही म्हटल्यावर मार्क वाढवायचं कारणही नाही. सहा आठवड्यांनी उदासीच्या लक्षणांत स्पष्ट फरक दिसला नाही, पण चिंता कमी झाली होती आणि आपण बरे आहोत असं सांगणारे सर्ट्रालीनच्या गटात जास्त होते. दार बदललं तर मिळालेलं उत्तर पण बदललं, थोडं गुंतागुंतीचं, पण दवाखान्यात बसणाऱ्या डॉक्टरला थेट उपयोगी पडेल असं.

बाकी सुधारणा पण चालू आहेत. काही ट्रायलमध्ये प्रवेशाचा स्कोअर किती पाहिजे हे केंद्रालाच सांगत नाहीत. कुठे मार्क द्यायचं काम फोनवरून लांब बसलेला माणूस करतो, ज्याला ही पहिली भेट की पाचवी हे माहीत नसतं आणि पेशंटमागच्या पैशाशी ज्याचा संबंध नसतो. एकच माणूस दोन ठिकाणी नाव नोंदवतोय का हे पकडायला सामायिक यादी ठेवतात. यातलं मार्क देणाऱ्याला वेगळं ठेवणं मला सगळ्यात कामाचं वाटतं, कारण ते पेशंटवर संशय न घेता आमच्याकडच्या व्यवस्थेवर घेतं.

तुम्हाला स्वतः बघायचं असेल तर आपल्याकडे सीटीआरआय ही सरकारी नोंदणी आहे, २००७ साली सुरू झाली, जून २००९ पासून ट्रायलची नोंद सक्तीची आहे, आणि कुणीही फुकट बघू शकतं. तिथे कुणाला घेणार आणि कुणाला घेणार नाही याच्या दोन वेगळ्या याद्या असतात. मी नेहमी दुसरी यादी आधी वाचते.

आत्याला मी हे सगळं एका फोनवर सांगितलं नाही, तीन-चार रविवार लागले. तिला सांगितलं की नेहमीच्या कडक ट्रायलमध्ये तुला वयामुळे किंवा बाकीच्या आजारांमुळे बहुतेक घेतलं नसतं, पण स्टार-डी आणि पांडा, दोन्हीच्या वयाच्या अटीत तू बसली असतीस, आणि ती औषधं तुझ्या गोळीच्याच घराण्यातली आहेत. आणि एक गोष्ट डॉक्टरांना विचार म्हटलं, सोडियम तपासायचं का ते. या गोळ्यांनी म्हाताऱ्या माणसांचं सोडियम उतरू शकतं, ते ट्रायलमधल्या तरुण निरोगी लोकांत फारसं दिसलं नव्हतं, गोळी बाजारात येऊन खरे म्हातारे पेशंट ती घ्यायला लागल्यावर नीट कळलं. डॉक्टरांनी तिला अर्ध्या डोसवर सुरू केलं होतंच, वर म्हणाले बरं झालं विचारलंत. रिपोर्ट गेल्या मंगळवारी आला, १३६, म्हणजे ठीक. रात्री फोनवर ती पंधरा मिनिटं शेजारणीच्या सुनेबद्दल बोलत होती, मी मध्ये एकदाही तोडलं नाही.